तीनशे येनांचा खाऊ

जपानी शाळेच्या वसंतातल्या सहलीला 'एन्सोकु' म्हणतात. आमच्या शाळेच्या एन्सोकुला बस नसते, हे मला आदल्या दिवशी कळलं. शिमाने प्रांताच्या पश्चिम भागातल्या एका गावात मी इंग्रजीचा मदतनीस शिक्षक. इथं शाळा एप्रिलमध्ये सुरू होते. नवी पहिली आली की तिच्या स्वागताला अख्खी शाळा पायी कुठंतरी जाते. अख्खी शाळा म्हणजे पुण्यातल्या एका तुकडीपेक्षाही कमी मुलं, त्यामुळे माझ्यासारख्या सुटलेल्या पोटाला लपायला जागा नाही.

सहलीची एक पुस्तिका असते, 'शिओरी'. मुलांनी स्वतः चित्रं काढून, पिना मारून केलेली. तीत निघायच्या वेळा, वाटेतली स्वच्छतागृहं आणि सामानाची यादी: डबा, पाण्याची बाटली, बसायला प्लास्टिकची चटई, कचऱ्याची पिशवी. आणि खाऊ तीनशे येनांपर्यंतच. ही मर्यादा मुलं ज्या गांभीर्यानं पाळतात, त्या गांभीर्यानं आपल्याकडे निवडणुकीच्या खर्चाची पाळली तर! केळं खाऊत धरायचं की डब्यात, हा प्रश्न या देशात पिढ्यान्‌पिढ्या विचारला जातोय.

माझ्या पिशवीत आईनं पाठवलेली चिक्की होती. माझ्या गटाची प्रमुख सहावीतली मुलगी. तिनं चिक्की उलटसुलट करून पाहिली.

"सेन्सेई, हिची किंमत किती?"

"आईनं पाठवलीय."

तिनं बराच विचार केला. "मग ती डब्यात धरू," असा निकाल दिला. उगाच नाही हा देश पुढे गेला.

मैदानावर आधी मुख्याध्यापकांचं भाषण, मग रेडिओ ताइसो. 1928 पासून रेडिओवर चालत आलेली ही कवायत पियानोच्या तालावर तीनेक मिनिटांत उरकते. तेवढ्यातच मला धाप लागली. सहल अजून फाटकाबाहेरही पडली नव्हती.

चालताना सहावीच्या प्रत्येक मुलानं पहिलीतल्या एकाचा हात धरायचा असतो. पिवळ्या टोप्यांची ती चिमणी मंडळी जोडीजोडीनं निघाली. जोड्या लावून झाल्यावर मी उरलो. गटप्रमुखानं एका हातात पिवळी टोपी धरली, दुसऱ्या हातानं मला रस्त्याकडेच्या पांढऱ्या रेषेच्या आत ओढलं, आणि बाही काही सोडली नाही. दप्तरांना अस्वलं पळवणाऱ्या घंटा. "अस्वल खरंच येतं?" मी सहज विचारलं. "येतं," ती म्हणाली, "म्हणून मागे राहू नका." मग मात्र माझा वेग वाढला.

वाट मोठी देखणी होती, हे नंतर फोटोंत दिसलं. पाणी सोडलेली भातखाचरं, आणि थेट कोकणात आल्यासारखी लाल कौलांची घरं. मी तेव्हा फक्त पुढच्याच्या टाचा बघत होतो.

समुद्रकिनारी डबे उघडले. त्यांच्या डब्यांत ऑक्टोपससारखे कापलेले सॉसेज, गुंडाळलेलं आम्लेट, उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) घातलेले भाताचे गोळे. माझ्या डब्यात दशम्या आणि लसणाची चटणी. "घारींवर लक्ष ठेवा," असं शिओरीत चित्रासकट छापलं होतं. मी चित्र पाहतच होतो, तेवढ्यात पाठीमागून पंखांचा वारा आला आणि हातातली दशमी आभाळात गेली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पहिलीतल्या एकानं आपला भाताचा गोळा मोडून अर्धा मला दिला. उमेबोशी माझ्या अर्ध्यात आली. आपली लोणची खाल्लेला माणूस आहे मी, पण त्या आंबट-खारटानं डोळे मिटले.

मग खेळ. सगळी गोल बसली, एकजण रुमाल घेऊन पाठीमागून फिरू लागला आणि मी चाट पडलो: हे तर आपलं मामाचं पत्र! इथं त्याला 'हांकाची ओतोशी' म्हणतात. आता दाखवतो, म्हणून सरसावून बसलो. मुलांनी लागोपाठ माझ्याच मागे रुमाल टाकायला सुरुवात केली. सर्वांत हळू पळणारा कोण, हे त्यांनी सकाळीच हेरलं होतं.

परतल्यावर मैदानावर पुन्हा मुख्याध्यापक. "घरी पोचेपर्यंत सहल संपत नाही," हे वाक्य इथल्या सगळ्या मुख्याध्यापकांना पाठ असावं. गटप्रमुखानं ते शब्दशः घेतलं. माझी खोली तिच्याच वाटेवर. ती आणि एक पिवळी टोपी माझ्या दारापर्यंत आल्या, मी कुलूप उघडून आत पाऊल टाकेपर्यंत थांबल्या, आणि मग तिनं शिओरी काढून यादीत माझ्या नावापुढे पेन्सिलीनं गोल केला. पहिलीच्या पोरांनंतर, सर्वांत शेवटी माझं नाव होतं.