पॅरिसला जाताय? चोरांची गैरसोय करू नका

पॅरिसला निघालात ना? मग आधी घरातले सगळे पासपोर्ट, युरो आणि फॉरेक्स कार्डं एकाच पाउचात कोंबा आणि पाउच 'ह्यांच्या'कडे द्या. ह्यांनी ते पोटावर बांधावं आणि दर पाच मिनिटांनी चाचपावं. म्हणजे माल कुठे आहे ते मेट्रोच्या अख्ख्या डब्याला कळतं.

साक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांशी कुणी मनगटाला दोरा बांधायला आला तर हात पुढे करा. आपल्याला सवय आहेच. दक्षिणा किती, ते तोच सांगेल.

आयफेल टॉवरपाशी मुली कसल्याशा अर्जावर सही मागतात. सावकाश, वळणदार करा. पर्सकडे बघायला त्यांची मैत्रीण असते.

रस्त्यात कुणाला तरी सापडलेली 'सोन्याची' अंगठी जरूर विकत घ्या. पितळेलाही भाव आहेच.

आणि मेट्रोत दाराशीच उभे राहा. आम्ही लूव्ह्र म्युझियमच्या स्टेशनवर एक नंबरच्या लाइनला चढलो. भोंगा वाजला, तोच चार शाळकरी वाटणाऱ्या पोरी आत घुसल्या. एकीने नकाशा ह्यांच्या छातीशी धरला, मागून रेटा आला आणि दार मिटता मिटता चौघी बाहेर! पाउचाची चेन पुन्हा नीट लावलेली. एवढी सफाई आमच्या शिंप्याच्या हातातही नाही. त्या लाइनच्या गाडीला ड्रायव्हरच नसतो, ओरडणार कुणाच्या नावाने? टूर मॅनेजर म्हणतो, "मॅडम, मी बसमध्ये अनाउन्समेंट केली होती." पोलीस ठाण्यात तीन तास बाकावर. मग दूतावासाचं इमर्जन्सी सर्टिफिकेट, तेही फक्त घरी परतण्यापुरतं. टूरमधलं पुढचं, स्वित्झर्लंडचं युंगफ्राउ शिखर आम्ही ग्रुपच्या व्हॉट्सअॅपवर पाहिलं.

अहो, खिसेकापूंच्या जाचाला कंटाळून २०१३ मध्ये लूव्ह्रच्या कर्मचाऱ्यांनीच काम बंद ठेवलं होतं. १९ ऑक्टोबर २०२५ ला तिथूनच राजघराण्याचे दागिने भरदिवसा आठ मिनिटांच्या आत गेले. आमच्या टूर कंपनीने डिनरला जैन जेवण मिळेल हे पाच वेळा सांगितलं, यातलं एक अक्षर नाही!

आणि तुम्ही तरी काय हो? चिवडा चार पिशव्यांत वाटून भरता, एखादी फुटली तर दुसरी असावी म्हणून. मग पासपोर्टांनी काय घोडं मारलंय? ज्याचा त्याच्याकडे, आतल्या खिशात ठेवा. मोबाइल मागच्या खिशातून काढा. झेरॉक्स वेगळ्या बॅगेत ठेवा.

झेरॉक्स आमच्याकडेही होत्या. त्याच पाउचात.