पहिलं घावन, दुसरं, तिसरं

'द थिन रेड लाइन' हा युद्धपट १७० मिनिटांचा आहे. म्हणजे संध्याकाळी मुंबईहून सुटलेली डेक्कन क्वीन घाट चढून लोणावळा मागे टाकते आणि पुण्याच्या तोंडाशी येते, साधारण तेवढा. त्यात गोळीबार सुरू व्हायला जवळजवळ पाऊण तास. तोवर मगर पाण्यात उतरते, पानांतून ऊन झिरपतं, पोरं समुद्रात डुंबतात आणि घरातलं कोणीतरी दर दहा मिनिटांनी विचारतं, "अजून युद्ध नाही लागलं?"

प्रश्न रास्त आहे. १९९८ सालीच आलेल्या दुसऱ्या एका गाजलेल्या युद्धपटात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर पाय ठेवताच माणसं पटापट पडतात. इथे दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकन सैनिक जीव मुठीत धरून पॅसिफिकमधल्या ग्वाडलकॅनाल बेटाच्या वाळूवर उतरतात, तर समोर चिटपाखरू नाही. पुढे रानातून एक म्हातारा बेटकरी उलट दिशेने येतो आणि हत्यारबंद पलटणीकडे ढुंकूनही न बघता निघून जातो. दादरच्या पुलावर आपण एकमेकांना जितकं बघतो, तितकंच.

म्हणून माझा पहिला सल्ला: पहिली खेप वाया जाणार, हे धरूनच बसा. पहिलं घावन तव्याला चिकटतंच. त्या खेपेला माणूस नायक शोधत असतो आणि नायक सापडत नाही. पोस्टरवरचं नाव बघून जॉर्ज क्लूनीसाठी बसलेल्यांचे हाल तर विचारू नका. तो शेवटाकडे येतो, चार शब्द बोलतो, संपला. एड्रियन ब्रोडीची भूमिका मूळ कादंबरीत ऐसपैस. संकलनाच्या टेबलावर तिचे संवाद दोन-चार उरले. दिग्दर्शक टेरेन्स मलिकने २० वर्षांच्या खंडानंतर सिनेमा केला तो असा.

आता जागेची तयारी. रविवारी दुपारी दोनची वेळ सोयीची वाटते, पण घेऊ नका. सगळी वामकुक्षीला गेली की भंगारवाला येतो, आणि या सिनेमात माणसं मनातल्या मनात कुजबुजतात. मरणाबद्दलचा एखादा हळवा प्रश्न 'ए भंगाऽऽर'मध्ये बुडाला की पुन्हा तरंगत नाही. रात्री अकरानंतर बसा. पंखा दोनवर, पाचवरचा पंखा सिनेमातल्या टेकडीवरच्या गवतातल्या वाऱ्यात असा मिसळतो की कुठला वारा कुठला, ते कळत नाही. पावसाळ्यात खिडकीवर पत्रा असेल तर हेडफोनला पर्याय नाही.

कुजबुज ऐकू यावी म्हणून आवाज वाढवला की पुढच्याच मिनिटाला तोफ धडाडते आणि खालच्या मजल्यावरचे काका बेल वाजवतात. यावर उपाय म्हणजे टीव्हीच्या ध्वनीच्या सेटिंगमधला नाइट मोड. तो मोठे आवाज दाबतो, बारीक आवाज उचलतो. युद्ध थोडं मिळमिळीत होतं, पण काकांशी संबंध टिकतात. चित्र अतिगुळगुळीत करणारी मोशनची सोय असेल तर तीही बंद करा. नाहीतर गवताच्या शेंड्यांवरून सरकणारा छायाचित्रकार जॉन टोलचा कॅमेरा टीव्ही मालिकेसारखा दिसू लागतो.

मग पट्ट्यांचं प्रकरण. चौकटीची रुंदी-उंची २.३९ ला १, त्यामुळे ४३ इंची टीव्हीवर वर-खाली प्रत्येकी ७ सेंमी काळी पट्टी राहते. "एवढे पैसे मोजून एवढासाच?" म्हणत कोणीतरी झूमचं बटण दाबतं. पट्ट्या जातात, सोबत रुंदीचा चौथा हिस्साही जातो, आणि कडेच्या गवतात लपलेला माणूस कायमचाच लपतो. रिमोट मांडीखाली ठेवा.

दुसऱ्या खेपेचं काम एकच: कोण बोलतंय ते ओळखणं. सुरुवातीला निसर्गातल्या युद्धाबद्दल विचारणारा आवाज बहुतेकांना विट या सैनिकाचा वाटतो, कारण त्यानंतर पडद्यावर विटच दिसतो. तो आवाज ट्रेनचा. ट्रेन म्हणजे बोटीवर भेदरून सार्जंटपुढे सावत्र बापाच्या माराबद्दल बडबडणारा पोरगा. पहिल्यांदा आपण त्याला बावळट म्हणून सोडून दिलेला असतो. हे एकदा कळलं की सिनेमा पुन्हा पहिल्यापासून लावावा लागतो. घरी हे सांगायची घाई करू नका.

तिसऱ्या खेपेला कर्नल टॉल. पहिल्यांदा तो खलनायक वाटतो. टेकडीवर समोरून हल्ला करा म्हणून तो फोनवर कॅप्टन स्टारोसवर किंचाळतो, आणि वर होमर ग्रीकमध्ये वाचल्याचं ऐकवतो. पण बोटीवरचा प्रसंग नीट बघा. वयाने लहान जनरल त्याच्याशी गोड बोलतोय आणि हा मान ताठ ठेवून ऐकून घेतोय. पदोन्नतीसाठी वर्षानुवर्षं वाट पाहिलेला माणूस. ज्याने नरिमन पॉइंटला वीस वर्षं साहेब सांभाळलेत, त्याला टॉल झालेल्या निक नोल्टीच्या मानेवरच्या शिरा पाठ असतात. पुढे पोरांना पाणी हवं म्हणून हाताखालचा अधिकारी त्याच्याकडे तोंड उघडतो. टँकरची वाट बघितलेल्या माणसाला त्या प्रसंगात तोफेपेक्षा जास्त दचकायला होतं.

हान्स झिमरच्या संगीतात एका ठिकाणी घड्याळासारखी टिकटिक सुरू होते. कोणीतरी उठून भिंतीवरचं घड्याळ बघून येणारच. येऊ द्या. मध्यंतर हवंच असेल तर टेकडीवरचा बंकर पडल्यावर घ्या; त्याआधी चहा टाकलात तर परत आल्यावर सगळं गवत सारखंच दिसतं. आणि गवत सारखं नाही. एके ठिकाणी आडवा पडलेला सैनिक लाजाळूला बोट लावतो आणि पानं मिटतात. कोकणातल्या प्रत्येक पोराने केलेला उद्योग, फक्त डोक्यावरून गोळ्या न जाता.

शेवटच्या दृश्यात माणूस नाही. किनाऱ्याच्या उथळ पाण्यात कोंब फुटलेला एक नारळ. समीक्षकांनी त्यावर बरंच लिहिलंय. पण पावणेतीन तास "संपला का?" विचारणारी आई नेमकी तेव्हा चष्मा नाकावर सरकवून पुढे वाकते आणि म्हणते, "कोंब चांगला आलाय. आता लावायला हरकत नाही."