'तिला स्वतःलाच बरं व्हायचं नाही' म्हणणाऱ्यांसाठी

'तिला स्वतःलाच बरं व्हायचं नसेल, तर आम्ही तरी काय करणार?' समुपदेशनाच्या कामात हे वाक्य मी कितीतरी आईवडिलांकडून ऐकलंय. क्वचित डॉक्टरांकडूनही ऐकलंय, त्याचा जास्त त्रास होतो.

अॅनोरेक्सियात, म्हणजे वजन वाढण्याच्या धास्तीने खाणं तोडण्याच्या आजारात, उपचार नको वाटणं हा बहुतेकदा आजाराचाच भाग असतो. आधी मनापासून तयार हो, मग बघू, असं त्या मुलीला सांगणं म्हणजे ताप उतरला की ये, मग औषध देतो म्हणण्यातला प्रकार.

उपासमार डोक्याचं काय करते हे १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज या संशोधकांनी नोंदवून ठेवलंय. युद्धाने उपाशी पडलेल्या लोकांना पुन्हा खातंपितं कसं करायचं, हा प्रश्न होता. ३६ धडधाकट तरुण स्वखुशीने तयार झाले, शरीराने आणि मनाने ठणठणीत आहेत हे तपासून निवडलेले. २४ आठवडे त्यांना निम्म्याच्या आसपास आहार दिला. वजन साधारण पाव हिश्शाने उतरलं. पण वाचण्यासारखं आहे ते वागणं. माणसं चिडचिडी, उदास झाली, मित्रांपासून तुटली. ताटातलं थोडंसं अन्न तासन्‌तास चिवडत बसायची. काहींनी पाककृतींची पुस्तकं जमवायला घेतली!

हे वाचलं की एक आई आठवते. "ताई, रात्री उशिरापर्यंत रेसिपीचे व्हिडिओ बघते. रविवारी सगळ्यांना पुरणपोळ्या करून वाढल्या, वर तूप घ्या म्हणून आग्रह. स्वतः मात्र चतकोर भाकरीचे बारीक तुकडे करत बसली. नाटकंच ना ही?" नाटकं नव्हती. उपाशी मेंदू असाच अन्नाभोवती घुटमळतो.

अर्थात मिनेसोटातल्या त्या माणसांना जेवायचं होतं, वजन वाढण्याची धास्ती त्यांना नव्हती. अॅनोरेक्सियात ती असते, म्हणून नुसतं ताट पुढे सरकवून भागत नाही. पण पोषण सुधारल्याशिवाय त्या धास्तीवर बोलणंही फार पुढे जात नाही.

म्हणून लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात आकाराला आलेली कुटुंबाधारित उपचारपद्धत मला पटते. त्यात मुलीच्या होकारासाठी अडून बसत नाहीत. जेवणाची सूत्रं काही काळ आईवडिलांच्या हाती देतात, मुलगी सावरेल तशी तिच्याकडे परत सोपवतात. १९८७ च्या तिथल्या अभ्यासात, कमी वयात आजार सुरू झालेल्या आणि तो फार जुना न झालेल्या मुलींना एकेकट्या उपचारापेक्षा कुटुंबासोबतच्या उपचारांचा जास्त फायदा झाला होता. आईवडिलांना गुन्हेगार न ठरवता कामाला लावणं, हे मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, 'घरात काही टेन्शन आहे का?' आई तिथेच खचते.

धाकदपटशाने मात्र काहीही होत नाही. 'खा नाहीतर फोन काढून घेईन' म्हटलं की ती न खाण्याची आणखी दहा कारणं सांगते, आणि ती कारणं तिच्या मनात पक्की होतात. 'तुला थंडी फार वाजते ना, केस गळतायत ना, त्याचं काय करूया?' असं विचारलं तर निदान बोलते.

फार दिवस उपाशी असलेल्या मुलीला घरच्या घरी एकदम भरपूर खाऊ घालू नका. रक्तातले क्षार बिघडून जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टरांकडून तपासणी, रक्त आणि ईसीजी. कुणाशी बोलायचं हेच कळत नसेल, तर १४४१६ ही टेली मानसची सरकारी हेल्पलाइन मोफत आहे, चोवीस तास सुरू असते, मराठीतही बोलता येतं. मुलगी तयार नसली तरी तुम्ही स्वतः फोन करा.