साडेचार भुंगे

दहावीच्या पोरीच्या बापाला संध्याकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये सीट मिळाली तरी सुख मिळत नाही. दादर जातंय न जातंय तोच मोबाइल वाजतो. "बाबा, हे सुटत नाहीये." खाली वहीच्या पानाचा फोटो, तोही आडवा.

गणित भास्कराचार्यांचं, ११५० सालच्या लीलावतीतलं. थव्यातल्या निम्म्या भुंग्यांचं वर्गमूळ मालतीकडे गेलं, पाठोपाठ थव्याचे आठ नवमांश गेले. उरली एक जोडी. तो रात्री कमळात अडकलेला, ती बाहेर गुणगुणतेय. भुंगे किती? (असली गणितं 'उपक्रम' म्हणून मुलांना देतात आणि करतात पालक.) निम्मा थवा क्ष² धरला की मांडणी होते: २क्ष² − ९क्ष − १८ = ०. इथवर लेक पोचली होती. पुढे अवयव पाडायचे.

म्हणजे गुणाकार −३६ आणि बेरीज −९ येईल असे दोन आकडे हुडकायचे आणि मधलं पद फोडून त्यांना तिथे बसवायचं, चौथ्या सीटवाल्याला बसवतात तसं. हुडकायचे कसे? अंदाजाने!

"नऊ-चार बघा," शेजारचे काका म्हणाले. फरक पाच.

"अठरा-दोन?" सोळा.

"अहो, चिन्हं बदलून बघा की!" असं सांगणारा प्रत्येक डब्यात एक असतो. तो स्वतः काही बघत नाही.

घाटकोपर आलं तसं दारातून कुणीतरी ओरडलं, "बारा-तीन! बाराला वजा!" आणि उतरून गेला. चेहरासुद्धा दिसला नाही.

मला विचाराल तर अवयव ही हुशार लोकांची हौस. आपल्यासारख्यांनी सूत्र धरावं. जुने गणिती श्रीधराचार्य यांनी समीकरणाच्या दोन्ही बाजूंना वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणून पूर्ण वर्ग करायची युक्ती दिली, तेव्हापासून अंदाजाचं काम उरलेलंच नाही. विवेचक, म्हणजे सूत्रात वर्गमुळाखाली येणारा आकडा: ८१ + १४४, एकूण २२५. वर्गमूळ १५. विवेचक ऋण आला असता तर मी मुकाट वही मिटायला सांगणार होतो. पण मुळं, म्हणजे क्षच्या किमती, आली ६ आणि −३/२.

"दुसरं का सोडायचं?" लेकीचा मेसेज.

थवा २क्ष². ६ घेतले तर ७२ भुंगे. −३/२ घेतले तर साडेचार. मी हिशेब मोठ्याने वाचला.

"बरोबर आहे की," काका म्हणाले. "अर्धा कमळात असेल. बाहेरून तेवढाच दिसतोय."