टोपणनावं आणि खरी नावं एकत्र करू नका

पोलिश नावांवरचा तुमचा लेख आवडला पण त्यातल्या यादीत काशा, झोशा, गोशा ही वेगळी नावं म्हणून दिलीत ते बरोबर नाही हो. ती लाडाची रूपं आहेत, काताझिना ची काशा, झोफिया ची झोशा आणि माउगोझाता ची गोशा. पोलंडमध्ये जन्मदाखल्यावर लाडाचं नाव चालत नाही, कायद्यातच तसं आहे आणि दोनपेक्षा जास्त नावंही देता येत नाहीत.

आणि अर्थ देताना जुन्या स्लाव्ह (पोलिश, रशियन वगैरे भाषांच्या गटातल्या) नावांना थोडी जास्त जागा द्यायला हवी होती, खरी गंमत तिथेच आहे! दोन शब्द जोडून नाव, अगदी आपल्या रणजित सारखं. वॉइचेख म्हणजे योद्धा आणि आनंद, बोगुमिऊ म्हणजे देवाला प्रिय, स्तानिस्वाफ मधला शेवटचा भाग कीर्तीचा. दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या मोंते कास्सिनोच्या लढाईत १९४४ ला पोलिश सैनिकांसोबत जे अस्वल होतं ना वॉइतेक, ते याच वॉइचेखचं लाडाचं रूप.

मारिया नावाबद्दल पण लिहा प्लीज. हे नाव फक्त येशूच्या आईचं म्हणून पूर्वी पोलंडमध्ये मुलींना ठेवायचे नाहीत, इतकं की १७व्या शतकात फ्रान्सहून राणी आली मारी लुईझ, तर तिला नावाचा क्रम बदलून लुद्विका मारिया व्हावं लागलं.

कोल्हापूरजवळ वळिवडेला १९४३ ते ४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती, आमच्या भागातल्या लोकांना ही नावं त्यामुळे जवळची वाटतात. पुढच्या भागात नामदिनावर, म्हणजे आपल्या नावाचा ठरलेला दिवस साजरा करतात आणि त्याला ते इमिएनिनी म्हणतात त्यावर, नक्की लिहा.