विरोधकाला आपल्याच पुस्तकात जागा देणारा पाद्री

शाळेच्या पुस्तकात जोसेफ प्रीस्टली एका ओळीत भेटतो: १७७४ साली पाऱ्याच्या लाल भस्मावर भिंगाने ऊन पाडून ऑक्सिजन मिळवणारा शास्त्रज्ञ. पण हा माणूस पेशाने पाद्री होता, तोही इंग्लंडच्या राजमान्य चर्चबाहेरचा. मला तो मोठा वाटतो तो या पाद्रीपणामुळे.

तरुणपणी त्याला घरच्या पंथाने सभासद करून घेतलं नाही. आदमच्या पापाचा पश्चात्ताप मला होत नाही, असं त्याने सरळ सांगितलं होतं. राजमान्य चर्चची कलमं न मानणाऱ्यांना तेव्हा ऑक्सफर्डमध्ये प्रवेश नव्हता, केंब्रिजमध्ये पदवी मिळत नव्हती. म्हणून या लोकांनी स्वतःच्या अकादम्या काढल्या. प्रीस्टली डॅव्हेंट्रीच्या अकादमीत शिकला आणि १७६१पासून वॉरिंग्टनच्या अकादमीत शिकवू लागला. बोलताना तो अडखळायचा, तरी जन्मभर प्रवचनं केली. व्याकरण, विजेचा इतिहास, राज्यशास्त्र, धर्म यांवर दीडशेच्या आसपास पुस्तकं-पुस्तिका लिहिल्या.

त्यातलं १७७८चं एक पुस्तक मला फार मोलाचं वाटतं. रिचर्ड प्राइस हा त्याचा जवळचा मित्र, त्याच्यासारखाच चर्चबाहेरचा पाद्री. प्राइस म्हणे, आत्मा शरीरापासून वेगळा आहे आणि माणसाची इच्छा स्वतंत्र आहे. प्रीस्टलीला दोन्ही अमान्य. दोघांनी पत्रांतून कडकडून वाद घातला आणि तो एकत्र छापला. प्रतिपक्षाचं म्हणणं प्रतिपक्षाच्याच शब्दांत वाचकापुढे ठेवलं, आणि मैत्री शेवटपर्यंत टिकली. धर्मावर असा वाद आज आपल्याला झेपेल का, हे मी अगदी मनापासून विचारतोय.

पुढे १७८२मध्ये त्याने त्रैक्याची, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, ही कल्पना ख्रिस्ती धर्मात मागाहून शिरली असं लिहिलं. शिवाय फ्रेंच क्रांतीचा तो उघड समर्थक. १४ जुलै १७९१ला बर्मिंगहॅममध्ये दंगल पेटली. क्रांतीच्या स्मरणार्थ ठेवलेल्या ज्या मेजवानीचं निमित्त झालं, तिला तो गेलाही नव्हता. तरी जमावाने त्याचं प्रार्थनामंदिर जाळलं, घर, ग्रंथसंग्रह, प्रयोगशाळा सगळं उद्ध्वस्त केलं. १७९४मध्ये तो अमेरिकेला गेला आणि १८०४मध्ये तिथेच वारला.

ऑक्सिजनचा खरा अर्थ फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लावॉझिएला कळला, प्रीस्टली मात्र जळताना पदार्थातून फ्लॉजिस्टन नावाचं द्रव्य बाहेर पडतं या जुन्या कल्पनेलाच चिकटून राहिला. इथे तो चुकलाच. पण आपला प्रयोग लावॉझिएला पॅरिसमध्ये जेवणाच्या टेबलावर त्यानेच मोकळेपणी सांगितला होता, हेही विसरू नये.

वॉरिंग्टनची अकादमी बंद पडली, पण १७८६मध्ये मँचेस्टरला तिचा वारसा चालवणारी संस्था निघाली. तीच पुढे मँचेस्टर कॉलेज म्हणून ऑक्सफर्डला आली. १९०१ साली महर्षी विठ्ठल रामजी शिंदे धर्मांचा तौलनिक अभ्यास करायला गेले ते याच कॉलेजात. प्रीस्टलीसारखंच त्रैक्य न मानणाऱ्या युनिटेरियन पंथाच्या लोकांच्या मदतीने तिथे दोन वर्षं शिकून ते परतले, प्रार्थना समाजाचं काम हाती घेतलं आणि १९०६मध्ये मुंबईत अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी मिशन काढलं. शिंद्यांवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने प्राइस-प्रीस्टलीचा तो पत्रव्यवहार एकदा तरी वाचावा.