तापाची नोंद कुठे जाते?

पाऊस कसा पडला की पुण्यात डेंग्यू वाढतो, याचे बऱ्यापैकी नेमके उत्तर आता मिळाले आहे आणि ते पुण्यातच शोधले गेले आहे. पाषाणच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतील, म्हणजे आयआयटीएममधील, सोफिया याकूब आणि रॉक्सी मॅथ्यू कोल यांचा यासंबंधीचा अभ्यास जानेवारी २०२५ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पावसाळ्यात तापमान २७ अंशांच्या वर, आर्द्रता ६० ते ७८ टक्क्यांच्या दरम्यान आणि पाऊस मध्यम पण अनेक दिवसांत विभागलेला, असा मेळ जुळला की डेंग्यूचे रुग्ण आणि मृत्यू वाढतात. उलट आठवड्याला १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, तर साचलेल्या पाण्यातली अंडी आणि अळ्या धुऊन निघतात आणि रोग काहीसा आटोक्यात येतो. मुसळधार पाऊस म्हणजे डासांचे पीक, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात बरेच दिवस मध्यम सरी येत राहणाऱ्या पावसाळ्याची धास्ती अधिक घ्यायला हवी.

याच अभ्यासातून असेही दिसते की पुण्यासाठी डेंग्यूच्या उद्रेकाचा इशारा सुमारे दोन महिने आधी देता येऊ शकेल. हरितगृह वायूंचे उत्सर्जन असेच वाढत राहिले, तर शहरातील डेंग्यूमृत्यूंचे प्रमाण नजीकच्या काळात १३ टक्क्यांनी आणि शतकाच्या अखेरीस ११२ टक्क्यांपर्यंत वाढू शकते, असा त्यांचा अंदाज आहे. बातम्यांमध्ये हे आकडे ठळक छापून आले. मला मात्र त्यापेक्षा महत्त्वाचे वाटले ते कोल यांनी नंतर जाहीरपणे सांगितलेले एक वाक्य. त्याचा आशय असा की पुण्याच्या आरोग्य विभागाने आकडेवारी दिली म्हणून हा इशारा तयार करता आला; केरळसह इतर काही राज्यांकडे मागणी केली तेव्हा तेथील आरोग्य विभागांनी सहकार्य केले नाही.

डेंग्यूवरचे गेल्या दहा-पंधरा वर्षांतले संशोधन सवडीने वाचत असताना मला वारंवार हेच जाणवत गेले. लस असो, डासांवरचा जैविक उपाय असो की हवामानावरून केलेले भाकीत असो, प्रत्येकाच्या मुळाशी कोणीतरी वर्षानुवर्षे नेमाने केलेली नोंद आहे. आणि जिथे ती नोंद नव्हती तिथे चांगले संशोधनसुद्धा तोंडघशी पडले आहे. आपल्याकडे नेमकी तीच गोष्ट सर्वांत दुबळी आहे.

ही गळती कुठे होते ते पाहायला फार लांब जावे लागत नाही. आमच्या इमारतीत गेल्या पावसाळ्यात बऱ्याच घरांतून ताप फिरून गेला. बहुतेकांनी कोपऱ्यावरच्या प्रयोगशाळेत रक्त दिले. तिथे एका छोट्या प्लास्टिकच्या पट्टीवर रक्तद्रवाचे थेंब टाकतात आणि पंधरा-वीस मिनिटांत एक रेघ उमटते की दोन ते पाहतात. दोन रेघा उमटल्या की ‘एनएस-१ पॉझिटिव्ह’, म्हणजे डेंग्यूच्या विषाणूचे प्रथिन रक्तात सापडले. डॉक्टर त्यावर उपचार करतात आणि ते योग्यच आहे. परंतु कीटकजन्य रोग नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या नियमांनुसार डेंग्यूची निश्चिती एलायझा या प्रयोगशाळेतील अधिक काटेकोर पद्धतीच्या चाचणीनेच होते. पट्टीवरच्या दोन रेघा म्हणजे फार तर ‘संभाव्य रुग्ण’. तो नमुना शासकीय निगराणी केंद्रात जाऊन पुन्हा तपासला गेला, तरच तो माणूस अधिकृत आकड्यात येतो. आमच्याकडच्या कोणाचाही नमुना पुढे गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही. एलायझाचा आग्रह शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा नाही, कारण पट्टीच्या चाचण्यांची गुणवत्ता कमी-अधिक असते. आक्षेप इतकाच की संभाव्य रुग्णांचा वेगळा रकाना ठेवून तो जाहीर करता आला असता, पण तो रकाना सामान्य नागरिकाला कधी दिसतच नाही.

ही गळती किती मोठी असावी? शेपर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २००६ ते २०१२ या काळासाठी भारतात दरवर्षी सरासरी सुमारे ५८ लाख लोकांना लक्षणे दिसण्याइतपत डेंग्यू होत असावा, असा अंदाज मांडला होता. हा आकडा त्या काळातील अधिकृत नोंदीच्या २८२ पट होता. त्यानंतर चाचण्या वाढल्या, केंद्रे वाढली, हे मान्य. तरीही २०२३ मध्ये देशाची अधिकृत रुग्णसंख्या तीन लाखांच्या आतच होती. ब्राझीलची लोकसंख्या आपल्या सहाव्या हिश्श्याहूनही कमी आहे आणि त्या देशाने २०२४ मध्ये साठ लाखांहून अधिक संभाव्य रुग्ण नोंदवले. ते वर्ष तिथे खरोखरच भीषण होते, त्यामुळे सरळ तुलना करणे बरोबर होणार नाही. पण ब्राझील संभाव्य रुग्णही मोजतो आणि ते आकडे नगरपालिकानिहाय, आठवड्यागणिक खुले ठेवतो. त्याच आकड्यांवर २०१५ पासून ‘इन्फोडेंग्यू’ नावाची इशारा-यंत्रणा चालते आणि तिचे अंदाज कोणीही पाहू शकतो.

एक आकडा मात्र आपण सारे अगदी इमानेइतबारे मोजतो, तो म्हणजे प्लेटलेटचा. घरात डेंग्यूचा रुग्ण असला की सकाळ-संध्याकाळ ‘किती आल्या?’ हीच विचारपूस होते आणि कोणीतरी पपईच्या पानांचा रस घेऊन हजर होते. सिंगापूर आणि मलेशियातील रुग्णांवरचा एक अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. रक्तस्राव होत नसताना, केवळ संख्या घटली म्हणून प्लेटलेट चढवल्याने रक्तस्राव टळला नाही आणि दुष्परिणाम मात्र वाढले, असे त्यात आढळले. खरा धोका बहुधा ताप उतरू लागताना असतो. त्या वेळी रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो, रक्त दाट होते आणि रक्तदाब ढासळू शकतो. ‘ताप उतरला, आता सुटलो’ असे घरचे म्हणत असतात तो दिवस सर्वांत जपण्याचा.

आता लसीकडे वळू. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराचा संसर्ग होऊन गेला की त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते, पण दुसऱ्या प्रकाराची गाठ पडली तर आजार अधिक गंभीर होण्याची शक्यता वाढते. कमी पडलेली प्रतिपिंडे (संसर्गानंतर शरीर तयार करते ती संरक्षक प्रथिने) विषाणूला निष्प्रभ करण्याऐवजी पेशीत शिरायला मदत करतात, असा सिद्धांत डेंग्यूचे संशोधक स्कॉट हॅलस्टेड यांनी कित्येक दशकांपूर्वी मांडला होता आणि त्यावर वादही भरपूर झाले. त्याला माणसांमधला भक्कम पुरावा मिळाला तो मध्य अमेरिकेतील निकाराग्वा या देशातून. मानाग्वा शहरातील हजारो मुलांचे रक्त संशोधकांनी दरवर्षी, आजारी असोत वा नसोत, घेऊन ठेवले होते. बारा वर्षांत जमलेल्या चाळीस हजारांहून अधिक नमुन्यांच्या आधारे २०१७ मध्ये असे दाखवता आले की प्रतिपिंडे एका मधल्या पातळीवर असताना गंभीर डेंग्यूचा धोका सर्वाधिक असतो. भरपूर असतील तर संरक्षण मिळते. एवढ्या एका वाक्यासाठी बारा वर्षे दरसाल मुलांच्या दंडात सुई टोचावी लागली.

त्याच वर्षी याची दुसरी बाजू फिलिपिन्समध्ये दिसली. तिथे ‘डेंगव्हॅक्सिया’ ही लस २०१६ पासून शालेय मुलांना दिली जात होती आणि आठ लाखांहून अधिक मुलांनी ती घेतली होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये ती लस बनवणाऱ्या सानोफी कंपनीने जाहीर केले की ज्यांना पूर्वी डेंग्यू झालेला नाही, त्यांना लसीनंतर संसर्ग झाल्यास गंभीर आजाराचा धोका वाढू शकतो. लस जणू पहिल्या संसर्गाचे काम करीत होती. मोहीम थांबली, खटले झाले आणि तेथील पालकांचा इतर लसींवरचा विश्वासही ढासळला. कोणत्या मुलाला आधी डेंग्यू झाला होता, हे मुलागणिक कोणालाच माहीत नव्हते.

आपल्याकडचे चित्र काय आहे? १५ राज्यांत २०१७-१८ मध्ये घेतलेल्या नमुन्यांवर आधारित सर्वेक्षणात सुमारे ४९ टक्के लोकांना पूर्वी डेंग्यूचा संसर्ग होऊन गेल्याचे आढळले. पण ही सरासरी फसवी आहे, कारण दक्षिणेत ते प्रमाण सुमारे ७७ टक्के, पश्चिम भारतात ६२ टक्के आणि ईशान्येत अवघे ५ टक्के होते. म्हणजे एकच लस चेन्नईत आणि आसामातील खेड्यात सर्वस्वी वेगळ्या रक्ताला सामोरी जाणार. पॅनेशिया बायोटेकच्या ‘डेंगीऑल’ या एका मात्रेच्या लसीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, सहकार्याने, दहा हजारांहून अधिक स्वयंसेवकांवर, ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्याच घराण्यातील ब्राझीलच्या बुटांटान संस्थेच्या लसीने दोन वर्षांत सुमारे ८० टक्के संरक्षण दिल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र त्या काळात ब्राझीलमध्ये तिसरा आणि चौथा प्रकार फिरतच नव्हता, म्हणून त्यांच्याविरुद्धचा निष्कर्ष त्या आकड्यात नाही. मला या लसींबद्दल आशा वाटते. पण उद्या ती बाजारात आली की आपल्या जिल्ह्यात कोणता प्रकार किती फिरतो आहे हे पालक विचारतील, आणि त्याचे उत्तर डॉक्टरांच्या हाती असायला हवे.

पुण्यापुरता यात आणखी एक गुंता आहे. डेंग्यूच्याच डासाने पसरणाऱ्या झिका या विषाणूचा महाराष्ट्रातला पहिला रुग्ण २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर गावात सापडला. २०२४ मध्ये एरंडवण्यापासून सुरुवात होऊन पुणे शहरातच शंभराहून अधिक रुग्ण आढळले. गर्भवतींची काळजी घेतली गेली, ते आवश्यकच होते. पण निकाराग्वातील त्याच गटाने २०२० मध्ये दाखवले होते की झिका होऊन गेलेल्या मुलांना नंतर डेंग्यूच्या क्रमांक दोनच्या प्रकाराने (डेंग्यू-२) गाठले, तर आजार तीव्र होण्याचा धोका वाढतो. बहुतेकांना झिका कळतसुद्धा नाही. तेव्हा २०२४ मध्ये तो नकळत होऊन गेलेल्या पुणेकरांचे पुढच्या डेंग्यूत काय होईल, हा काल्पनिक प्रश्न राहिलेला नाही. याचा पाठपुरावा करण्यासाठी लागणारी राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे आपली एनआयव्ही, १९५२ पासून याच शहरात आहे.

डासांकडून रोगाला आवर घालण्याचा सर्वांत गाजलेला प्रयोग इंडोनेशियातील योग्यकर्ता शहरात झाला. वोल्बाकिया हा जिवाणू अनेक कीटकांत निसर्गतः असतो, पण डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती या डासात नसतो. फळमाशीतला हा जिवाणू त्या डासात बसवला की डेंग्यूचा विषाणू त्याच्या शरीरात नीट वाढत नाही आणि मादीकडून हा जिवाणू पुढच्या पिढीत आपोआप उतरतो. शहराचे २४ भाग करून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे १२ भाग निवडले आणि तिथे असे डास सोडले. मग दवाखान्यात ताप घेऊन आलेल्यांची चाचणी केली आणि ते कुठे राहतात, कुठे वावरतात हे लिहून घेतले. डास सोडलेल्या भागांत तापाच्या २.३ टक्के रुग्णांना डेंग्यू निघाला, इतरत्र ९.४ टक्क्यांना, म्हणजे ७७ टक्के घट. २०२१ मध्ये हा निष्कर्ष आला. पुदुच्चेरीच्या आयसीएमआर केंद्राने असे भारतीय डास २०२२ मध्येच तयार केल्याचे जाहीर केले आहे. योग्यकर्त्यात वापरलेले वोल्बाकियाचे वाण फार उष्णतेत क्षीण होते, त्यामुळे चंद्रपूरच्या मे महिन्यात ते तग धरेल का, ही माझी शंका आहे. पुदुच्चेरीने उष्णता अधिक सोसणारे दुसरे वाणही सिद्ध केले आहे. पण ज्या शहरात तापाचा रुग्ण कोणत्या गल्लीतला हेच नोंदले जात नाही, तिथे असे डास सोडून उपयोग झाला की नाही हे ठरवणार कसे?

धूरफवारणीबद्दल थोडक्यातच लिहितो. एडिस बहुतांशी घरात, कपड्यांच्या आड आणि पलंगाखाली बसतो. धूर रस्त्यावर सुटतो. व्हिएतनाम आणि कंबोडियातील डासांत नेहमीच्या पायरेथ्रॉइड कीटकनाशकांना जबरदस्त प्रतिकार निर्माण झाल्याचे २०२२ मध्ये दिसून आले आहे. तरी नगरसेवक धूरफवारणीच्या गाडीसोबतच छायाचित्र काढतात. घरोघर फिरून फ्रिजमागचा ट्रे आणि गच्चीवरचे टायर उलटे करणाऱ्या कर्मचाऱ्यांचे छायाचित्र कोणी टाकत नाही.

आकडे जाहीर केले तर घबराट पसरेल, असे अधिकारी खासगीत म्हणतात. त्यांची दुसरी, न बोललेली अडचण मला जास्त खरी वाटते: जो प्रभाग प्रामाणिकपणे मोजेल त्याचेच आकडे मोठे दिसतील आणि त्याच्याच अधिकाऱ्याला जाब विचारला जाईल. यावर तोडगा निघू शकतो. रुग्णसंख्येसोबत चाचण्यांची संख्याही छापावी, म्हणजे कमी मोजून कमी दाखवण्याचा लाभ उरणार नाही. राज्याचा कृषी विभाग महसूल मंडळनिहाय पावसाचे आकडे रोज संकेतस्थळावर देतो, त्यामुळे कोणत्या मंडळात किती मिलिमीटर पडला हे शेतकरी घरबसल्या पाहतो. डेंग्यूचा आकडा प्रभागनिहाय, आठवड्याला एकदा देणे त्याहून अवघड नसावे.

माझ्या प्रभागात गेल्या हंगामात किती तापरुग्णांची चाचणी झाली, खासगी प्रयोगशाळांनी पट्टीच्या चाचणीतले किती रुग्ण कळवले आणि त्यांपैकी किती नमुने एलायझासाठी गेले, हे मी माहितीच्या अधिकारात विचारले आहे. अर्जाचा मसुदा हवा असेल त्यांनी खाली कळवावे. उत्तर आले की ते जसेच्या तसे इथे टाकीन.